पाच वर्तुळं कुणाच्या बापाची?

१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं आणि कोल्हापूर वेडं झालं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, रेल्वेत तिकीट तपासनीस. खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या संध्याकाळी माझ्या फोनवर जेवढ्या शुभेच्छांच्या इमेज आल्या, त्यातल्या निम्म्यांवर तरी पाच रंगीत वर्तुळं होती. कुणी कुणाची परवानगी घेतली नव्हती. आनंदात कोण परवानगी घेतं?

माझ्या मामाचं कोल्हापुरात टी-शर्ट प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे. दोन मशीन, एक कामाला पोरगा, आणि एका मोठ्या ऑनलाइन बाजारावरचं खातं. ते खातं मीच उघडून दिलेलं. ओळखीच्या एका रायफल क्लबने मामाकडे चाळीस टी-शर्टची ऑर्डर दिली. रायफल धरलेली आकृती, खाली स्वप्नीलचं नाव, त्याखाली पाच वर्तुळं. मामाने उरलेले पंधरा-वीस नग ऑनलाइन टाकले, २२० रुपयाला एक.

पाचव्या दिवशी मामाचा फोन आला. "आरं, ते इंग्लिशमध्ये काय लिवलंय बघ की जरा. खातंच उघडंना झालंय."

बौद्धिक संपदेच्या उल्लंघनाबद्दल खातं गोठवलं होतं. फक्त तो टी-शर्ट काढला असता तर एक वेळ ठीक होतं. इथे अख्खं खातं बंद. आधीच्या विक्रीचे ४२,००० रुपये अडकले. आणि महिना कुठला? ऑगस्ट. गणपती मंडळांच्या टी-शर्टचा सीझन, मामाच्या वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा. खातं सुरू झालं तेव्हा विसर्जन उरकलं होतं.

आता आधीच कबूल करतो: कायद्याच्या अक्षरात मामा चुकला होता. पाच वर्तुळं छापून वस्तू विकणं हा व्यापारी वापर आहे आणि त्याला परवानगी लागते. मामा निर्दोष आहे असं मी म्हणतच नाही. मला खटकली ती वेगळीच गोष्ट. त्या टी-शर्टवर दुसऱ्याच्या मालकीच्या दोन गोष्टी होत्या: पाच वर्तुळं आणि एका माणसाचं नाव. ज्याने अनेक वर्षं रायफल खांद्याला लावून पदक आणलं, त्याचं नाव. मेल आला तो वर्तुळांबद्दल. नावाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

खेळाच्या चिन्हांचं कायदेशीर संरक्षण ज्याला म्हणतात, त्याची अख्खी गोम या एका मेलमध्ये आहे. चिन्हाला राखणदार आहेत. माणसाला नाहीत.

वर्तुळांना कुंपण कसं पडलं

ही वर्तुळं पिएर द कुबेर्तँने १९१३ साली काढली आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये त्यांचा ध्वज पहिल्यांदा फडकला. पाच रंग आणि मागचा पांढरा मिळून सहा रंग निवडण्यामागे कल्पना अशी होती की त्या वेळच्या सगळ्या देशांच्या झेंड्यांतले रंग यात यावेत. म्हणजे चिन्हाचा जन्मच 'हे सगळ्यांचं आहे' असं सांगण्यासाठी झाला.

२६ सप्टेंबर १९८१ ला केनियातल्या नैरोबीत या चिन्हासाठी एक स्वतंत्र आंतरराष्ट्रीय करार झाला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या परवानगीशिवाय या चिन्हाला ट्रेडमार्क म्हणून नोंदू द्यायचं नाही आणि त्याचा व्यापारी वापर होऊ द्यायचा नाही, हे बंधन सदस्य देशांवर आलं. भारत १९८३ पासून या करारात आहे. एका चिन्हासाठी एक आख्खा करार! आपल्याकडे त्याआधीपासून १९५० चा बोधचिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराविरुद्धचा कायदाही आहे. राष्ट्रध्वज, अशोकचक्र अशा गोष्टी जपणाऱ्या या कायद्याच्या यादीत ऑलिंपिक समितीच्या वर्तुळांनाही जागा मिळाली आहे. गंमत म्हणजे मूळ कायद्यात गैरवापराचा कमाल दंड आहे ५०० रुपये. संसदेने ठरवलेली शिक्षा ५०० रुपये. सॉफ्टवेअरने मामाला दिलेली शिक्षा: एक सीझन.

नैरोबी करारात एक कलम पैशाच्या वाटणीबद्दलही आहे. चिन्हाच्या परवान्यातून येणाऱ्या उत्पन्नात राष्ट्रीय समितीचा वाटा किती, याचा समझोता नसेल तर त्या देशावरचं बंधन स्थगित मानता येतं. म्हणजे पैसा हा विषय करार लिहिणाऱ्यांच्या डोक्यात पक्का होता. पण तो दोन समित्यांमधला पैसा. खेळाडूचा वाटा किती, यावर करार काही बोलत नाही.

चिन्हापासून शब्दापर्यंत

चिन्ह जपायला माझा विरोध नाही. उद्या एखाद्या गुटखा कंपनीने पुडीवर पाच वर्तुळं छापली तर मीही बोंब मारेन. अधिकृत प्रायोजक नसताना तसं भासवणं ही फसवणूक आहे आणि ती थांबायलाच हवी. प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. कारण कुंपण चिन्हापाशी थांबलं नाही. ते शब्दांवर चढलं.

अमेरिकेने १९७८ च्या कायद्याने 'ऑलिंपिक' या शब्दाचाच मक्ता आपल्या राष्ट्रीय समितीला दिला. टॉम वॉडेल हा डॉक्टर, १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डेकॅथलॉनमध्ये सहावा आलेला खेळाडू. त्याने १९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत समलिंगी खेळाडूंसाठी 'गे ऑलिंपिक गेम्स' भरवायचं ठरवलं. स्पर्धा तोंडावर आली असताना न्यायालयाने तो शब्द वापरायला मनाई केली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८७ मध्ये निकाल समितीच्या बाजूने लागला. लोकांची दिशाभूल झाली हे समितीने सिद्ध करण्याचीही गरज नाही, असं न्यायालय म्हणालं. साध्या ट्रेडमार्कच्या भांडणात दिशाभूल हा गाभ्याचा मुद्दा असतो. इथे तोच काढून टाकला. निकालानंतर थोड्याच दिवसांत वॉडेल एड्सने गेला. जो माणूस स्वतः ऑलिंपिकमध्ये धावला, उड्या मारल्या, भाले फेकले, त्याला तो शब्द वापरायचा हक्क नव्हता.

लंडनने २०१२ साठी केलेला कायदा वाचला तर हसू येतं आणि मग येत नाही. 'गेम्स', '२०१२' अशा शब्दांची एक यादी आणि 'गोल्ड', 'सिल्व्हर', 'ब्राँझ', 'समर', 'लंडन' अशा शब्दांची दुसरी यादी. या दोन याद्यांतले शब्द जाहिरातीत एकत्र आले, की स्पर्धेशी संबंध सुचवला असं न्यायालय धरू शकत होतं. आपलं शहर, चालू वर्ष आणि उन्हाळा हे तीन शब्द जोडून वापरायला लंडनचा दुकानदार बिचकावा, अशी ही सोय. व्हँकुव्हरच्या २०१० च्या स्पर्धेआधी ल्युल्युलेमन या कपड्यांच्या कंपनीने मग आपल्या कपड्यांना नाव दिलं: '२००९ ते २०११ च्या दरम्यान ब्रिटिश कोलंबियात होणारा भारी क्रीडासोहळा'. कायद्याला वाकुल्या दाखवण्याचा याहून सभ्य मार्ग मला माहीत नाही.

२०१२ मध्येच रॅव्हलरी या विणकाम करणाऱ्यांच्या साइटला अमेरिकी समितीने नोटीस धाडली. गुन्हा काय? ऑलिंपिक बघता बघता स्वेटर-मफलर पूर्ण करायच्या त्यांच्या गमतीच्या स्पर्धेचं नाव 'रॅव्हलिंपिक्स' होतं. वर नोटिशीत म्हटलं की यामुळे खेळाडूंच्या कष्टांचा अपमान होतो. विणणाऱ्या बायका इतक्या भडकल्या की समितीला माफी मागावी लागली.

आणि २०१६. ओईझेल ही बायकांचे धावण्याचे कपडे बनवणारी छोटी कंपनी धावपटू केट ग्रेसला वर्षानुवर्षं पाठबळ देत होती. ती रिओसाठी पात्र ठरली आणि कंपनीने सोशल मीडियावर अभिनंदन केलं. समितीकडून पत्र आलं, पोस्ट काढा. त्याच वर्षी प्रायोजक नसलेल्या कंपन्यांना रिओचे हॅशटॅग वापरू नका असंही बजावलं गेलं. खेळाडूला घडवणाऱ्याने अभिनंदन करायचं नाही. ते करणार कोण? ज्याने समितीला पैसे दिले तो.

मशीनला काय दिसतं

इथे माझ्या धंद्याचा संबंध येतो, म्हणून सांगतो. मागच्या नोकरीत मी अशाच एका प्रणालीवर काम केलं आहे. विक्रेत्याने टाकलेल्या फोटोत कुणाचा लोगो आहे का, हे ओळखणारी प्रणाली. मॉडेलला आकार दिसतो. पाच वर्तुळं, एकमेकांत अडकलेली, वर तीन खाली दोन. मॉडेल एक आकडा देतं, आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की फोटो उडतो आणि विक्रेत्याच्या खात्यावर एक फुली पडते.

मॉडेलला काय दिसत नाही? हा माल लाखभर नकली जर्सी छापणाऱ्या टोळीचा आहे की चाळीस टी-शर्ट छापणाऱ्या मामाचा, हे दिसत नाही. चित्र विकायला आहे की बातमीत आहे, टिंगल आहे की अभिमान आहे, हेही नाही. नैरोबी करारात बातमीदारीसाठी सूट आहे, पण करार मॉडेलला वाचून दाखवलेला नसतो.

ती मर्यादा किती ठेवायची याची आमच्याकडे मीटिंग झाली होती. कमी ठेवली तर निरपराध माणसं अडकतात, जास्त ठेवली तर मोठ्या ब्रँडचे वकील फोन करतात. मर्यादा कमी ठेवली. अडकलेल्यांनी तक्रार करावी, मग माणूस बघेल, असं ठरलं. तक्रारीचा फॉर्म इंग्रजीत होता. मी त्या मीटिंगमध्ये होतो आणि गप्प होतो. चुकीची किंमत आमच्यापैकी कुणी भरणार नव्हतं, म्हणून गप्प राहणं सोपं होतं. मामाचं खातं ज्यांनी गोठवलं ती कंपनी वेगळी, पण मीटिंग तिथेही अशीच झाली असणार.

म्हणून 'कायद्यात अपवाद आहेत की' असं कुणी म्हणालं की मला पटत नाही. आज कायदा न्यायालयात पोचण्याआधी सॉफ्टवेअरमधून जातो, आणि सॉफ्टवेअरमध्ये अपवाद तेवढेच उरतात जेवढे लिहायला कुणीतरी सांगितलेले असतात.

'पण पैसा कुठून येणार?'

समोरच्या बाजूचा सगळ्यात दमदार युक्तिवाद पैशाचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. प्रायोजक पैसे देतो ते मक्त्यासाठी. उद्या सगळेच वर्तुळं छापू लागले तर तो कशाला देईल? आणि पैसा नसला की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले ते लोकांनी गोळा केलेल्या पैशांवर. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यासाठी घर गहाण ठेवलं, असं कोल्हापुरात आजही सांगितलं जातं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक वर्गणीतून आलं. पुन्हा तो काळ हवा आहे का?

नको. म्हणून तर विचारतो, आज पैसा आहे तर तो जातो कुठे? २०१७ ते २०२१ या काळात ऑलिंपिक समितीचं उत्पन्न ७.६ अब्ज डॉलर होतं. त्यातले ९० टक्के आम्ही खेळासाठी वाटतो, असं समिती सांगते. पण पदक जिंकणाऱ्याला समिती बक्षिसाचा एक डॉलरही देत नाही. २०२४ मध्ये जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने पॅरिसच्या सुवर्णविजेत्यांना ५०,००० डॉलर जाहीर केले, तर त्यावर कौतुकापेक्षा कुरबुरच जास्त झाली.

त्याहून वाईट म्हणजे नियम ४०. स्पर्धेच्या काळात खेळाडूने आपलं नाव, फोटो, कामगिरी जाहिरातीत वापरू द्यायची नाही, असं हा नियम अनेक वर्षं सांगत होता. चार वर्षांत ज्या पंधरा दिवसांत जगाची नजर तुमच्यावर आहे, नेमक्या त्याच पंधरा दिवसांत तुमचं नाव तुमचं नाही. २०१२ मध्ये खेळाडूंनी सोशल मीडियावर याविरुद्ध आवाज उठवला. कुंपण हललं ते मात्र २०१९ मध्ये, जर्मनीच्या स्पर्धा नियामकामुळे. हा मक्तेदारीचा गैरवापर आहे, असं तो म्हणाला आणि जर्मन खेळाडूंना मोकळीक मिळाली. 'मेडल', 'गोल्ड' असे शब्द जाहिरातीत वापरण्याचीही. त्याच वर्षी ऑलिंपिक समितीनेही नियम सैल केला. आभाळ कोसळलं का? टोकियो झालं, पॅरिस झालं, प्रायोजकही आले.

म्हणजे मक्ता चिन्हाचा ठेवला तरी पैसा येतो. शब्द, शहर, वर्ष आणि खेळाडूचं तोंड यांचा मक्ता त्यासाठी लागत नाही.

आपल्याकडचे दोन धडे

२००३ च्या क्रिकेट विश्वचषकाआधी फिलिप्सच्या जाहिरातीत 'दिवाली मनाओ, वर्ल्ड कप जाओ' अशी योजना होती. आयसीसीची व्यापारी कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने मनाई द्यायला नकार दिला. लोगो वापरलेला नाही, लोकांची फसवणूक नाही, मग केवळ स्पर्धेचा उल्लेख केला म्हणून रोखता येणार नाही. आणि त्याहून मोलाची गोष्ट न्यायालयाने सांगितली: प्रसिद्धीचा हक्क माणसाचा असतो, स्पर्धेचा नसतो.

दुसरा धडा २०२१ चा. पी. व्ही. सिंधूने टोकियोत ब्राँझ जिंकलं आणि काही तासांत डझनाहून जास्त ब्रँडनी तिचा फोटो, शेजारी आपला लोगो, अशा 'अभिनंदनाच्या' पोस्ट टाकल्या. तिच्या व्यवस्थापन कंपनीने नोटिसा पाठवल्या. लोक म्हणाले, अभिनंदन केलं तर काय बिघडलं? बिघडतं ते असं की बँक किंवा तेल कंपनी फुकटात सिंधूला आपली मॉडेल बनवते. ओईझेलने केट ग्रेसला पोसलं होतं. या ब्रँडनी सिंधूला काय दिलं होतं?

पण सिंधूकडे व्यवस्थापन कंपनी होती. कांबळवाडीच्या, भिवानीच्या, इंफाळच्या पोरापोरींकडे काय असतं? आपल्याकडे खेळाडूच्या नावाच्या हक्कासाठी वेगळा कायदा नाही. हक्क न्यायालयांनी निकालांमधून घडवला आहे, म्हणजे तो मिळवायचा तर उच्च न्यायालयाची पायरी आली, वकिलाची फी आली. वर्तुळांना करार आहे, कायदा आहे, आणि आता मॉडेलही आहे.

आता का बोलायचं

कारण कायदा आता लिहिला जाणार आहे. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत आणि २०३६ च्या ऑलिंपिकसाठी भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये इरादापत्र दिलं आहे. यजमान देशाने चिन्हांच्या संरक्षणाची कडक हमी द्यायची, हा आता रिवाज झाला आहे. लंडनने कायदा केला, कॅनडाने केला. उद्या आपल्यासमोरही मसुदा येईल, बहुतेक घाईत, आणि 'देशाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न' म्हणून एका दुपारी मंजूर होईल. तेव्हा बोलून उपयोग नसतो.

म्हणून आजच सांगून ठेवतो. संरक्षण चिन्हाला द्या, शब्दांना नको. 'खेळ', 'सुवर्ण', 'अहमदाबाद' हे शब्द कुणाला आंदण देऊ नका. दिशाभूल झाली हे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रार करणाऱ्यावर ठेवा. क्लब, शाळा, तालीम, मंडळ यांच्या छोट्या वापराला आधी सूचना द्या, मग कारवाई करा. ऑनलाइन बाजारांना बजावा की वाद एका वस्तूचा असेल तर तीच वस्तू थांबवायची, अख्खं खातं आणि जुने पैसे अडवायचे नाहीत. आणि तक्रार विक्रेत्याच्या भाषेत, ठरलेल्या दिवसांत, माणसाने ऐकायची. शेवटची आणि मुख्य मागणी: त्याच कायद्यात खेळाडूच्या नावाला आणि चेहऱ्याला निदान वर्तुळांइतकं तरी संरक्षण द्या. बातमी, गप्पा, टीका, मिम्स मोकळे ठेवा. पण कुणी त्याच्या जोरावर माल विकत असेल तर खेळाडूला उच्च न्यायालयात न जाता दाद मागता यावी.

हा नियम उद्या आला तर मामालाही लागू होईल, हे मला कळतं. मी त्याला तसं सांगितलंही. म्हटलं, वर्तुळांचं सोडा, पण स्वप्नीलचं नाव छापायच्या आधी विचारायला हवं होतं.

मामा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "त्याला इचारलं असतं तर मी हिस्साबी दिला असता की रं. पर त्यो गोल काढणारा कोण, त्याला कुठं इचारायचं?"

गोल काढणारा १९३७ मध्येच गेला. त्याच्या नावाने पहारा देणाऱ्यांना मामाचा मेल अजून पोचलेला नाही.